तहानलेली हवा

उन्हाळा लागला की आम्ही अमरावतीकर तोंडं पाडून बसायचो आणि दादा खुलायचे. होळी झाली, कॉलेजच्या आवारातल्या कडुनिंबाखाली कुत्री जिभा काढून पडायला लागली, की हा माणूस सकाळी शीळ घालत प्रयोगशाळेचं दार उघडायचा. आत भिंतीवर त्यांनी स्वतः टांगलेले दोन थर्मामीटर होते, एक कोरडा आणि एक ओल्या वातीचा. दोघांच्या पाऱ्यातलं अंतर जितकं जास्त, तितका दादांचा दिवस चांगला. मग पलीकडून हाक यायची, "भाऊ, आज हवा लय तहानली हाये. मजा येईन."

ते फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर आणि मी केमिस्ट्रीचा. मध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीत एक दार होतं, जे बंद असतं असं कॉलेजच्या नियमांत लिहिलं होतं. दादा माझ्याहून काही वर्षांनी मोठे होते. सगळं कॉलेज त्यांना दादाच म्हणायचं. प्राचार्यही म्हणायचे, फक्त रागात असले की आडनाव घ्यायचे. उन्हाळ्यात ते बऱ्याचदा आडनावच घ्यायचे.

हवा तहानलेली असते, हा दादांचा आवडता सिद्धान्त. पुस्तकात तो निराळ्या शब्दांत आहे, पण दादांच्या तोंडून ऐकला की हवा नावाची कोणी बाई उन्हातून चालत येऊन आपल्या ओसरीवर टेकली आहे असं वाटायचं. "तिले पानी पाजा नं," ते पोरांना सांगायचे. "ते पानी पेते आन् जाता जाता थंडावा देऊन जाते. इतकी इमानदार हवा पुन्या-मुंबईले भेटते काय? तिथली हवा पानी पिऊनच येते." पुण्याहून आलेले एक प्राध्यापक यावर नाक मुरडायचे. प्रयोगशाळेत तरी शुद्ध बोला, असं त्यांनी एकदा सुचवलं. दादा म्हणाले, "थर्मामीटरले समजते नं, मंग झालं."

हा सिद्धान्त ते वर्गापुरता ठेवत नसत. सायकलवरून येताना डोक्यावर ओला दुपट्टा, त्यातून पाणी ठिबकतंय, आणि चेहरा लग्नाला निघाल्यासारखा. कोणाच्याही घरी गेले की आधी माठाकडे जायचे. बोटाने टिचकी मारून निदान करायचे, "हा माठ म्हातारा झाला. याचे भोकं बुजले." माठ कोपऱ्यात असला तर यजमानाला न विचारता उचलून खिडकीच्या झोतात ठेवायचे. माझ्या बायकोचा माठ असाच एकदा स्वयंपाकघरातून व्हरांड्यात गेला. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवसापासून व्हरांड्यातलंच पाणी प्यायला लागली.

आता मोटारीकडे वळतो, कारण दादांना न ओळखणारे लोकही त्यांची मोटार ओळखायचे. लांब नाकाची, बसकी, दोन दारांची आणि दोनच सीटांची विलायती गाडी, कोणे एके काळी शर्यतीत पळवायला बनवलेली. मूळचा रंग लाल होता असं दादा सांगायचे आणि आपण विश्वास ठेवायचा. दादांचे वडील एका जिनिंग फॅक्टरीतल्या इंग्रज मॅनेजरचे ड्रायव्हर होते. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा ही गाडी कोणी घेईना. तिच्यात बायको बसली तर मुलं बसत नाहीत, आणि मुलं बसली तर चालवायला जागा उरत नाही. शेवटी साहेब ड्रायव्हरच्या हातावर किल्ली ठेवून गेला. पुढे वडील गेले आणि गाडी राहिली. ड्रायव्हरचं पोरगं साहेबाच्या गाडीतून फिरतं, हे गावातल्या काही लोकांना बरेच दिवस पचलं नाही. त्यात छप्पन साली हे घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेलं, त्यामुळे बोलणाऱ्यांना विषय कमी नव्हते. असे कोणी चौकात कुजबुजताना दिसले की दादा मुद्दाम हॉर्न वाजवायचे. तो हॉर्न ऐकून बैल दावं तोडायचे.

त्या गाडीच्या डाव्या खिडकीला पत्र्याचं एक पिंप आडवं बसवलेलं होतं. साहेबाच्या मडमेला वऱ्हाडचं ऊन सोसेना म्हणून त्याने ते लढाईनंतर भंगारात निघालेल्या अमेरिकन फौजेच्या मालातून आणलं होतं. पिंपाचं तोंड गाडीच्या नाकाकडे, आत लाकडाचा ओला कीस आणि तळाशी पाणी. गाडी पळाली की वारा तोंडातून शिरायचा आणि त्या किसातून गार होऊन आत यायचा. म्हणजे यायला हवा होता. प्रत्यक्षात तळहात धरला तर आजारी माणसाने फुंकर घातल्यासारखं वाटायचं. मडम त्यालाच कंटाळून विलायतेला गेली असावी, असा माझा कयास आहे.

ही फुंकर वाढवायची, हे दादांनी मनावर घेतलं होतं. एका उन्हाळ्यात त्यांनी पिंपात कापूस भरला. वऱ्हाडात राहून दुसरं काय भरायचं, असं त्यांचं म्हणणं. कापूस भिजून त्याचा असा गोळा झाला की वारा तोंडाशीच अडला. मग गोणपाट झालं. मग धारणीच्या बसने मेळघाटात जाऊन ते नाल्याकाठच्या वाळ्याच्या मुळ्यांचे भारे घेऊन आले. ते सगळे त्यांनी आमच्या प्रयोगशाळेत वाळत घातले. मे महिन्यात माझ्या गंधकाच्या वासाच्या खोलीत वाळ्याचा घमघमाट सुटला तेव्हा प्राचार्यांनी येऊन दादांचं आडनाव घेतलं. वाळ्याने थोडा फरक पडला. मग दादांनी पिंप मोठं केलं, पाणी वाढवलं, वर गाडीच्या आतून भरता येईल अशी छोटी टाकी बसवून थेंब थेंब गळेल अशी नळी लावली. फुंकर काही वाढेना.

प्रयोग करायची त्यांची रीत अशी की ऐन दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, गाडी कॅम्पच्या रस्त्याने पळवून आणायची आणि मग बंद काचांच्या गाडीत थर्मामीटर हातात धरून बसून राहायचं. एकदा पोलिसाने काचेवर काठी वाजवली. हा माणूस मेला की काय, असं त्याला वाटलं होतं. दादा काच खाली न करताच आतून ओरडले, "दार उघडू नोको, बाप्पा. हवा बिघडते." पोलीस मला ओळखत होता. तो माझ्या घरी आला आणि म्हणाला, "साहेब, तुमचा तो बह्याड माणूस शिजून राहिला."

बह्याड, म्हणजे खुळा, म्हणणारे पुष्कळ होते. एकट्या जिवाला गाडीत महाबळेश्वर पाहिजे म्हणून हसणारेही होते. ते महाबळेश्वर कोणासाठी पाहिजे होतं, हे मला दादांच्या घरी गेल्यावर कळलं.

त्यांची धाकटी बहीण सुमनताई. तिला घाम येत नसे. जन्मापासूनच नाही. केस विरळ, दात मोजके आणि कातडी तव्यासारखी तापणारी. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की अंगात घामाच्या ग्रंथीच नाहीत, याला औषध नाही, हिला उन्हापासून सांभाळा. आपल्याला उन्हाळ्यात घामाचा कंटाळा येतो. पण तो नसला तर अंगातली उष्णता बाहेर जायला वाटच उरत नाही. म्हणून फाल्गुन संपला की सुमनताई घरातल्या मधल्या खोलीत जायची आणि मृगाचा पाऊस पडला की बाहेर यायची. तिथेच बसून ती घरच्या घरी शिकून बी. ए. झाली. पुस्तकं नेऊन देणं एवढंच दादांचं काम होतं.

त्या खोलीचे शिल्पकार दादाच होते. पश्चिमेच्या दाराला वाळ्याची ताटी, तिच्यावर दिवसभर पाणी, आणि बाकी सगळं बंद. वऱ्हाडात उन्हाळ्यात घरं अशीच लावून घेतात. दहा वाजले की दारं-खिडक्या बंद, फटींत चिंध्या, आणि पोरांनी दार उघडं टाकलं की आजीची शिवी. दादांनी त्यावरही ताण केली होती. मागची खिडकी त्यांनी खिळे ठोकून कायमची बंद केली होती आणि तिच्या फटी मेणाने बुजवल्या होत्या. उन्हाचा एक किरण किंवा झळेचा एक धागा बहिणीपर्यंत पोचू द्यायचा नाही, अशी त्यांची जिद्द होती.

ती एकदाच उन्हाळ्यात घराबाहेर पडली होती. काकांच्या घरचं लग्न अकोल्याला होतं. उन्हाच्या आत पोचवणारी गाडी म्हणून पहाटेची आगगाडी धरली, आणि ती मूर्तिजापूरच्या पुढे बंद पडून भर दुपारपर्यंत माळावर उभी राहिली. सुमनताई बेशुद्ध झाली. डब्यातल्या एका लेमनवाल्याकडे बर्फाची लादी होती म्हणून ती वाचली. तेव्हापासून मायने, म्हणजे दादांच्या आईने, उन्हाळ्यात आगगाडीचं नाव काढू दिलं नाही.

अशात अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेतून सुमनताईला बोलावणं आलं. जागा मास्तरणीची होती. मे महिन्यात दुपारी येऊन वर्ग घेऊन दाखवायचा, पसंत पडला तर जूनपासून नोकरी. मी दादांच्या ओसरीवर पन्हं पीत होतो तेव्हा सुमनताईने खोलीच्या दाराआडून मला हिशेब समजावून सांगितला. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा पाऊस आलेला असतो. मार्चपासून शाळा सकाळची असते. एप्रिलअखेर सुट्टी लागते. "म्हंजे भाऊ, शाळा माह्याचसाठी बनवली हाये. आडवा येते तो हा एकच दिवस."

"तारीख पुढे ढकला म्हणून विनंती करू," मी म्हटलं.

"काहून म्हनून विचारतीन," दादा म्हणाले. "जात तर विचारतीनच, ते आपन सांगू. पन घाम येत नाई हे सांगतलं का कोनी नोकरी देईन? आन् पहाटे नेऊन शाळेच्या पत्र्याच्या व्हरांड्यात दुपारलोक बसवू काय तिले? मोटारीतून न्यायचं, वर्गाच्या दारात उतरवायचं. शाळेची इमारत दगडी हाये, पाहून आलो मी. सवाल फक्त रस्त्याचा."

माय स्वयंपाकघरातून म्हणाली, "आन् मोटार बंद पडली तं?"

दादा उठून पिंपात वाळा भरायला गेले. त्या आठवड्यात मी त्यांना शीळ घालताना ऐकलं नाही.

गाडीत दोनच सीटं, पण सीटांच्या मागे सामानासाठी एक कप्पा होता. टाकीत पाणी ओतायला तिसरा माणूस लागणार होता, आणि माझा बांधा त्या काळी त्या कप्प्यात मावण्याजोगा होता. निघायच्या दिवशी दादांनी गाडीचीही तशीच बंद खोली करून टाकली. दारांच्या कडांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, फटींत चिंध्या, मागच्या काचेला काळं कापड. पुढे छागली, म्हणजे पाण्याच्या कॅनव्हासच्या पिशव्या, लटकवल्या, माझ्या पायाशी पाण्याचे डबे ठेवले. मायने ऊन बाधू नये म्हणून आम्हा दोघांच्या खिशात आणि सुमनताईच्या पदराच्या गाठीत एकेक कांदा घातला. दादांचा कांद्यावर विश्वास नव्हता, पण त्यांनी तो काढला नाही. सुमनताई डोक्याला ओला पंचा गुंडाळून, इस्त्रीचं पातळ नेसून, डाव्या सीटवर पिंपाशेजारी बसली. परीक्षेला निघालेल्या माणसाचा चेहरा असतो तसा तिचा चेहरा होता. मी अंगाची घडी करून मागे शिरलो.

बडनेऱ्यापर्यंत बरं होतं. दादा सारखे विचारत होते, "सुमन, कसं वाटते?" ती म्हणत होती, "ठीक हाये." वावरं काळी भेगाळलेली, रस्त्यावर झळा नाचत होत्या. मी टाकीत पाणी ओतत होतो, त्यातलं निम्मं माझ्या मानेवरून पाठीत जात होतं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला त्याची तक्रार नव्हती. गाडीत वाळ्याचा वास कोंडला होता. माझा सदरा घामाने आणि पाण्याने सारखाच भिजला होता. थर्मामीटर मात्र चांगलं सांगत होता, असं दादा म्हणाले.

मूर्तिजापूरच्या पुढे रेल्वेचं फाटक लागलं आणि ते बंद होतं.

गाडी थांबली की पिंपातला वारा बंद. त्या बंद डब्यात आम्ही तिघं, वर सूर्य. मालगाडी येत होती, पण ती कुठेतरी रेंगाळली होती. दादांनी टोपीने बहिणीला वारा घातला. मी डबा तिच्या पंचावर रिता केला. तिचा चेहरा लाल झाला, मग त्या लालीवर राखेसारखा रंग यायला लागला. ती रुळांकडे पाहत होती. दादा खाली उतरून फाटकवाल्याकडे धावले, हात जोडले, काहीतरी बोलले आणि परत आले. फाटकवाला तरी काय करणार. मालगाडी आली, गेली, फाटक उघडलं आणि दादांनी ती शर्यतीची गाडी खरोखर शर्यतीसारखी सोडली.

पण फुंकर तीच होती. काचांवर आतून पाण्याचे थेंब जमले होते. दादा मला ओरडून सांगत होते, "पानी टाका, भाऊ, अजून टाका." आणि एका हाताने स्वतःच्या दाराच्या फटीत निसटलेली चिंधी दाबत होते. सुमनताईचा श्वास मोठा झाला होता. ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, हे आपल्या खोलीवानी होऊन राहिलं."

"पोचूनच राहिलो आपन."

"जड होते. खोलीत होते तसंच. तुह्या बाजूची काच खाली कर."

"बाहेर आग लागली हाये, सुमन."

"हवा पानी पिऊन इथंच बसली, दादा. तिले जाऊ दे."

दादांनी ऐकलं नाही. ऐकण्याच्या मनःस्थितीतच ते नव्हते. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. तेव्हा सुमनताई उठली, म्हणजे त्या बसक्या गाडीत जेवढं उठता येतं तेवढी, भावाच्या अंगावरून ओणवी झाली आणि त्याच्या बाजूच्या काचेची मूठ फिरवायला लागली. दादा ओरडले. गाडी रस्त्याच्या कडेला गेली आणि परत आली. काच वीतभर खाली आली.

आणि पिंपाला कंठ फुटला. आजवर मुका असलेला तो पत्रा घुमायला लागला. वाळ्यातून वारा असा सुटला की सुमनताईच्या पंचाचं टोक माझ्या तोंडावर फडफडायला लागलं. तो वारा गार होता. पहाटे विहिरीवर गेल्यावर अंगाला लागतो तसा गार. उघड्या काचेतून झळ आत येईल म्हणून मी पाण्याचा डबा तोंडाशी धरून बसलो होतो, पण झळ आलीच नाही. आतली हवा बाहेर धावत होती, झळेला शिरायला जागाच नव्हती.

एवढी साधी गोष्ट. यायला दार आहे पण जायला दार नाही, तर हवा येईल कशी? तीन उन्हाळे दादांनी पिंप वाढवलं, पाणी वाढवलं, वाळा बदलला, आणि दरवेळी गाडी आणखी घट्ट बंद केली. वर्गात शेकडो पोरांना हवेची वागणूक शिकवणारा माणूस, पण उन्हाळ्यात खिडकी उघडायची नसते हे त्याच्या हाडात होतं. माझ्याही होतं. ते फक्त तिच्या हाडात नव्हतं, कारण बंद खोलीत राहणं काय असतं हे आमच्यापैकी तिलाच माहीत होतं.

काटेपूर्णेच्या पुलावर सुमनताईने डोळे उघडले. चेहऱ्यावर रंग परतला होता. तिने आपल्या पदराच्या गाठीतला कांदा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "भाऊ, हा आता तुमाले लागते. तुमी मांगं भिजून राहिले."

शाळेतल्या मोठ्या बाईंनी तिला पाहून विचारलं, "आंघोळ करून तशाच आलात का?" सुमनताई म्हणाली, "आमची मोटार तशी आहे." आजूबाजूच्या घरांतल्या मुली गोळा करून वर्ग भरवला होता. आम्ही दोघं बाहेर दगडी भिंतीला टेकून उभे होतो. आतून तिचा आवाज ऐकू येत होता, आधी जरा दबका, मग मोकळा, आणि मग मुलींच्या हसण्याचा. दादा डोळे मिटून ऐकत होते. जूनमध्ये या, असं मोठ्या बाईंनी तिला तिथेच सांगितलं. पुढे सुमनताईने त्या शाळेत आयुष्य काढलं आणि हजारो मुली शिकवल्या, पण ते नंतरचं.

ऊन उतरल्यावर आम्ही परत निघालो. सगळ्या रस्त्याने ती बोलत होती. तो बगळा बघ, ते झाड कसलं, इथंच आगगाडी बंद पडली होती का रे. दादा हं हं करत होते. नोकरी मिळाल्याच्या दिवशी हा माणूस इतका गप्प का, ते मला कळेना.

अमरावतीत दिवेलागण होत होती. माय दारात उभी होती. लेक पायांवर चालत आली हे पाहून ती खाली बसली. दादांनी तिला नोकरीचं सांगितलंसुद्धा नाही. ते सरळ पडवीत गेले, पक्कड घेतली आणि मधल्या खोलीत शिरले. मी मागोमाग गेलो. ते मागच्या खिडकीचे खिळे उपसत होते. मेण नखांनी खरवडत होते. शेवटचा खिळा निघाला, खिडकी करकरत उघडली, आणि पश्चिमेच्या ताटीतून वाळ्याचा गार वारा खोलीभर सळसळत आला आणि त्या खिडकीतून निघून गेला. इतक्या वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा.

दादा खिडकीचे गज धरून उभे राहिले. पाठमोरेच म्हणाले, "एवढे उनाळे तुले कोंडून ठेवलं मी, सुमन. आपल्या हातानं खिळे ठोकले." आणि आमच्या कॉलेजातला सर्वांत आनंदी माणूस लहान मुलासारखा रडायला लागला.

सुमनताई दारात उभी होती. डोक्याचा पंचा तिने सोडून हातात घेतला होता. ती आत आली, तो पंचा भावाच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "रडू नोको, दादा. हवा ओली होते."